रहस्यकथा-भयकथा स्वतःच छापता आणि खप उतरलाय? मग हे क्रमाने करून बघा

ज्यांनी रहस्यकथा, भयकथा, थ्रिलर, सायफाय असल्या तीन-चार तरी कादंबऱ्या प्रकाशकाशिवाय स्वतः काढल्यात, किंडलवर टाकल्यात, थोड्या छापून पलंगाखाली रचून ठेवल्यात, आणि आधी बरं चाललं होतं पण आता महिन्याचा आकडा बघितला की पोटात गोळा येतो, त्यांच्यासाठी हे लिहितोय. पहिलंच पुस्तक काढणाऱ्यांना यातलं अर्धं उपयोगाचं नाही, त्यांची दुखणी वेगळी.

खप उतरला की आपल्यातला प्रत्येक जण दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर घाईघाईत नवीन कादंबरी हातावेगळी करतो, नाहीतर फेसबुकवर बूस्टचं बटण दाबून मोकळा होतो. दोन्ही आत्ता नको. या प्रकारातला वाचक लेखकाच्या मागे येतो, एक आवडलं की मागची सगळी मागतो, त्यामुळे आपली खरी इस्टेट म्हणजे जुनी पुस्तकं. गळती बहुतेक वेळा तिथेच असते आणि ती बुजवायला फारसे पैसे लागत नाहीत, फक्त कंटाळवाणं काम करायची तयारी लागते.

पायरी १: नक्की काय उतरलंय ते शोधा

"विक्री कमी झाली" हे काही निदान नाही. आधी एक शीट उघडा आणि प्रत्येक पुस्तकासाठी चार रकाने करा: किंडलवर विकत घेतलेल्या प्रती, किंडल अनलिमिटेडवर (वर्गणी भरून हवं तेवढं वाचायची योजना) वाचलेली पानं, दुकान-वितरकाकडे गेलेल्या छापील प्रती, आणि तुम्ही थेट वाचकाला पाठवलेल्या प्रती. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करा, मागच्या महिन्याशी नको, कारण मे महिन्याची सुट्टी आणि दिवाळी यांचा परिणाम वेगळा असतो आणि परीक्षेच्या मार्च महिन्यात भल्याभल्यांचा खप बसतो.

बँकेत जमा झालेल्या रकमेवरून काहीही ठरवू नका. केडीपीची (किंडलवर स्वतः पुस्तक टाकायची ॲमेझॉनची सेवा) रॉयल्टी महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी येते, म्हणजे मार्चअखेर आलेला पैसा जानेवारीचा असतो. त्यावर घाबरणं म्हणजे परवाचा पेपर वाचून आज छत्री घेणं.

आता रकाने काय सांगतात ते बघा. सगळी पुस्तकं सारखीच खाली आली असतील तर तुम्ही लोकांना दिसत नाही आहात. पहिलं पुस्तक पडलंय पण जे पहिलं वाचतात ते पुढची घेतातच, तर अडचण दारातच आहे, म्हणजे कव्हर, माहिती, सॅम्पल, किंमत. पहिलं चालतंय आणि दुसरं चालत नाही, तर पहिल्याचा शेवट वाचकाला पुढे ढकलत नाहीये. आणि नवीन पुस्तक महिनाभर पळून एकदम झोपलं असेल तर ते बरंचसं नॉर्मल आहे, ॲमेझॉनवर नव्या पुस्तकांच्या यादीत असेपर्यंत जो उजेड मिळतो तो नंतर जातो.

बाजार बदललाय हेही खरंच आहे. किंडलवर मराठी पुस्तकं आली डिसेंबर २०१६ मध्ये, तेव्हा मराठी भयकथा शोधली तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी नावं यायची आणि जो असेल तो दिसायचा. आता प्रतिलिपी (कथा लिहायचं-वाचायचं ॲप) आहे, ऑडिओवाले आहेत (स्टोरीटेल भारतात २०१७ च्या शेवटी आलं तेच मराठी घेऊन), ओटीटी आहे, आणि जगभर मशीनकडून लिहून घेतलेल्या पुस्तकांचा असा लोंढा आला की सप्टेंबर २०२३ मध्ये केडीपीला एका लेखकाने दिवसाला तीनपेक्षा जास्त नवीन पुस्तकं टाकू नयेत असा नियम करावा लागला. दिवसाला तीन! आपण वर्षाला एक काढताना जीव जातो. या गोष्टी आपल्या हातात नाहीत, त्यामुळे त्यावर एवढंच.

पायरी २: स्वतःचं सॅम्पल अनोळखी माणसासारखं उघडा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. किंडलचं फुकट सॅम्पल म्हणजे पुस्तकाचा साधारण पहिला दहावा भाग. तुमची कादंबरी ४०,००० शब्दांची असेल तर वाचकाला ४,००० शब्द मिळतात, आणि आपण मराठी लेखक त्यात काय भरतो ते बघा. अर्पणपत्रिका. मग मनोगत, ज्यात शाळेतल्या बाईंपासून डीटीपी करणाऱ्या दादांपर्यंत सगळ्यांचे आभार. मग कुणा ज्येष्ठांची प्रस्तावना, जी बऱ्याचदा अर्धी गोष्ट फोडून मोकळी होते. मग "या कादंबरीतील पात्रे व प्रसंग काल्पनिक असून". मग आधीच्या पुस्तकांवरचे अभिप्राय. वाड्याचं दार करकरत उघडेपर्यंत सॅम्पल संपतं आणि वाचक दुसऱ्याच्या पुस्तकावर गेलेला असतो.

तर हे सगळं उचला आणि पुस्तकाच्या मागे टाका. पुढे फक्त शीर्षक, हक्कांचं पान आणि लगेच पहिलं प्रकरण. प्रस्तावना लिहिणाऱ्यांना वाईट वाटेल ही भीती असते, पण छापील आवृत्तीत ती पुढे राहू द्या, ई-बुकात मागे, कुणी भांडायला येत नाही.

मग पहिलं प्रकरण वाचा आणि सॅम्पल नेमकं कुठे तुटतं ते शोधा. तुटायच्या जागेच्या जरा आधी काहीतरी घडायला हवं. गावाचं वर्णन, नदी, पाऊस, एसटीचा प्रवास, नायकाची नोकरी हे चार पानं चालत असेल तर त्यातलं निम्मं दुसऱ्या प्रकरणात ढकला. नवीन फाइल चढवली तरी पुस्तकाचं पान तेच राहतं, जुने रिव्ह्यू जात नाहीत, त्यामुळे हात आखडता घ्यायचं काही कारण नाही.

पायरी ३: ई-बुकात 'दुसऱ्या' या शब्दाचं काय झालंय ते तपासा

ज्यांची जुनी पुस्तकं श्रीलिपी किंवा तसल्याच डीटीपीच्या फॉन्टमध्ये जुळवली होती आणि नंतर कन्व्हर्टरमधून युनिकोड करून किंडलवर टाकली, त्यांनी ही पायरी टाळायची नाही. कन्व्हर्जनमध्ये ऱ्या आणि ऱ्ह हमखास मरतात. 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं, 'वऱ्हाड'चं 'वर्हाड', 'गऱ्हाणं'चं 'गर्हाणं', आणि वाचक पहिल्या दोन पानांतच म्हणतो की याला शुद्धलेखन येत नाही. एक तारा काढून तेच लिहून जातो, ते वेगळंच.

दुरुस्ती करताना 'र्या' शोधून सगळीकडे एकदम 'ऱ्या' करू नका, नाहीतर 'पर्याय'चं 'पऱ्याय' आणि 'कार्यालया'चं 'काऱ्यालय' होऊन बसेल. एकेक बघत जा. 'मर्यादा', 'पर्याय', 'कार्यालय', 'सूर्यास्त' असले शब्द सोडायचे, बाकीचे बदलायचे. 'र्ह'चंही तसंच, 'अर्हता' बरोबर आहे, तिला हात लावू नका. एका कादंबरीला एक रविवार जातो. मग फाइल स्वस्तातल्या अँड्रॉइड फोनवर उघडून बघा, कारण आपला बहुतेक वाचक किंडलच्या यंत्रावर वाचत नाही, फोनवर वाचतो.

याच बैठकीत केडीपीवरची माहितीही नीट करा. शोधशब्दांचे सात रकाने आणि तीन कॅटेगरी मिळतात. मराठी वाचक शोधताना बऱ्याचदा रोमन लिपीत टाइप करतो, त्यामुळे काही रकाने रोमनमध्ये भरा, काही देवनागरीत. पुस्तकाच्या वर्णनात "मानवी मनाचा ठाव घेणारी" वगैरे काढून टाका, कुठलं गाव, कोण मेलं, कुणावर संशय, एवढं तीन ओळीत सांगा.

पायरी ४: फाइलचं वजन आणि किंमत

भारतातल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी हवी असेल तर पुस्तक केडीपी सिलेक्टमध्ये (ई-बुक फक्त किंडललाच द्यायची योजना) असावं लागतं, नाहीतर ३५. पण ७० टक्क्यांत एक छुपा खर्च आहे, डिलिव्हरीचा, म्हणजे फाइल वाचकाकडे पोचवायचा, भारतात दर एमबीला ७ रुपये. प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर कवटीचं किंवा वटवाघळाचं चित्र टाकायची आपल्याला हौस असते. समजा त्यामुळे फाइल ५ एमबीची झाली आणि किंमत ९९ रुपये आहे, तर कर वगैरे बाजूला ठेवून ९९ मधून ३५ आधीच गेले, उरलेल्या ६४ चे ७० टक्के म्हणजे जेमतेम ४५ रुपये. तीच फाइल अर्ध्या एमबीवर आणली तर जवळजवळ ६७. म्हणजे एका वटवाघळापायी प्रतीमागे २२ रुपये गेले. चित्रं काढा किंवा बारीक करा.

किमतीचं म्हणाल तर सगळी पुस्तकं एकदम स्वस्त करू नका. मालिकेतलं पहिलं स्वस्त, बाकीची पूर्ण किमतीला. सिलेक्टमध्ये दर ९० दिवसांत पाच दिवस पुस्तक फुकट ठेवता येतं, ते पाच दिवस फक्त पहिल्या भागासाठी वापरा, आणि तेही पुढचे भाग तयार असतील तरच. सुट्या कादंबरीला फुकट वाटून काहीही हाती लागत नाही, लोक डाउनलोड करतात आणि विसरतात.

पायरी ५: एका वाचकामागे किती मिळतात ते काढा

समजा पहिला भाग १०० जणांनी घेतला, दुसरा ५० जणांनी, तिसरा ४० जणांनी. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर ८० टक्के लोक जातायत, ते उत्तम आहे, तिकडे बघू नका. पहिल्यावरून दुसऱ्यावर अर्धेच जातायत, दुरुस्ती तिथे. पहिल्या भागाचा शेवट झाला की आभाराचं पान येण्याआधी दुसऱ्या भागाचं पहिलं दीड पान द्या आणि खाली क्लिक होणारी लिंक. खून कुणी केला ते सांगून टाका, वाचकाला फसवू नका, पण इन्स्पेक्टरच्या टेबलावर एक नवीन लिफाफा येऊ द्या.

आणि हिशोब असा की प्रतीमागे ४५ रुपये मिळत असतील तर पहिला भाग घेणारा एक माणूस सरासरी ४५ अधिक साडेबावीस अधिक १८, म्हणजे ८५ रुपयांचा आहे. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. एक खरेदीदार आणायला जाहिरातीवर ८५ पेक्षा जास्त जात असतील तर तुम्ही वाचकाला पैसे देऊन वाचायला लावताय. जाहिरातीबद्दल मला एवढंच सांगायचंय. वरच्या पायऱ्या झाल्याशिवाय तर एक रुपया टाकू नका.

पायरी ६: सिलेक्ट की प्रतिलिपी

दोन्ही दगडांवर पाय ठेवून बरेच जण पडतात. सिलेक्टमध्ये असताना त्या ई-बुकचा दहा टक्क्यांपेक्षा जास्त मजकूर बाहेर कुठेही डिजिटल स्वरूपात ठेवता येत नाही, ना प्रतिलिपीवर, ना ब्लॉगवर, ना बुकगंगाच्या पुस्तकविक्री साइटवर, ना फेसबुक ग्रुपात भाग १, भाग २ करत. छापील आणि ऑडिओला ही अट नाही. माझ्या मते मराठीत सोयीचं पडतं ते असं: नवीन कादंबरी आधी प्रतिलिपीवर क्रमशः चालवा, तिथल्या कमेंटवरून लोक कुठे कंटाळले ते कळतं, मग तिथून पूर्ण काढा, संपादन करा आणि मग सिलेक्टमध्ये टाका. काढायला विसरलात तर ॲमेझॉनची "हा मजकूर इतरत्र फुकट उपलब्ध आहे" अशी मेल येते आणि पुस्तक अडकतं.

ऑडिओचा करार आला तर मुदत किती वर्षं, रेकॉर्डिंग कुणाच्या मालकीचं, आणि वेब सिरीज-सिनेमाचे हक्क त्यात गुंडाळलेत का, हे तीन मुद्दे बघितल्याशिवाय सही नको. भयकथा कानाने ऐकायला लोकांना आवडतात, आपल्या प्रकाराला इथे खरंच वाव आहे.

पायरी ७: छापील प्रती थेट विका, आणि वाचनालयांत पोचा

दुकानात पुस्तक दिसलं की बरं वाटतं, पण गणित बघा. समजा प्रत छापायला ८० रुपये पडले, छापील किंमत २५०. वितरक निम्म्याने घेतो, तुम्हाला १२५, म्हणजे ४५ सुटले, त्यातून पार्सल वजा आणि पैसे कधी येतील ते त्याच्या मर्जीवर. तेच थेट वाचकाला २०० ला दिलं, टपालखर्च वेगळा घेतला, तर १२० सुटतात, आणि तेही यूपीआयवर आधी. एक थेट प्रत म्हणजे वितरकाकडच्या जवळजवळ पावणेतीन प्रती.

पुनर्मुद्रण छोटं ठेवा, १०० प्रती पुरे. पानांची संख्या १६ च्या पटीत बसवा, १९२ पानं म्हणजे बरोबर १२ फर्मे (एक फर्मा म्हणजे एकत्र छापली जाणारी १६ पानं). १९५ झाली तर तीन पानांसाठी अख्खा फर्मा वाढेल, त्यापेक्षा मनोगत छोटं करा. आयएसबीएन भारतात सरकारच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून ऑनलाइन फुकट मिळतो, त्याचे पैसे मागणाऱ्याला नमस्कार करून पुढे व्हा. छापील पुस्तकावर जीएसटी नाही, आणि नुसती पुस्तकंच विकणाऱ्याला ॲमेझॉनवर विक्रेता म्हणून जीएसटी नंबरशिवाय नोंदणी करता येते, पण त्यांची फी आणि कुरिअर धरून काय उरतं ते आधी काढा. टपाल खात्याने मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' सुरू केलीय, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपयांपासून ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. ती शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठी आहे, त्यामुळे तुमची हडळ त्यात बसते का ते पोस्टमास्तरांना आधी विचारा आणि मगच वाचकाला टपालखर्च सांगा.

वाचकांची यादी व्हॉट्सॲपवर ठेवा, मराठी वाचक ईमेल उघडत नाही. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण मावतात, आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो, म्हणून प्रत पाठवताना आत चिठ्ठी टाका की पुढचं पुस्तक सवलतीत हवं असेल तर हा नंबर सेव्ह करा. सुप्रभात पाठवू नका. परदेशातल्या नातेवाइकांना छापील प्रत पाठवायच्या फंदात पडू नका, पार्सल पुस्तकापेक्षा महाग पडतं, त्यांना किंडलची लिंक द्या.

आता वाचनालयं. याकडे स्वतः छापणारे लेखक बघतच नाहीत. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली महाराष्ट्रात अ, ब, क, ड वर्गाची हजारो मान्यताप्राप्त ग्रंथालयं आहेत, गावोगावी, आणि तिथे रोज येणारा सभासद, रिटायर झालेले काका आणि दुपारी पुस्तक बदलून नेणाऱ्या काकू, मागतो काय तर कादंबरी, त्यातही रहस्य आणि भय. करायचं असं:

ग्रंथालय संचालनालय दरवर्षी शासनमान्य ग्रंथांची यादी काढतं, तिच्यासाठी प्रकाशकांकडून आदल्या वर्षात पहिल्यांदा निघालेली पुस्तकं मागवतात. स्वतः प्रकाशक असलात तरी तुम्ही प्रकाशकच आहात, त्यांच्या साइटवरची सूचना बघून मुदतीत प्रत पाठवा. दुसरं, आपल्या जिल्ह्याच्या ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातून ग्रंथालयांचे पत्ते मिळतात का बघा. तिसरं, एका पानाचं पत्रक बनवा: कव्हरचा फोटो, पानं, किंमत, वर्ष, आयएसबीएन, सवलत, बिल मिळेल ही ओळ. वाचनालयाला बिल लागतंच, कच्च्या कागदावर चालत नाही. फोन संध्याकाळी करा, बरीच वाचनालयं सकाळ-संध्याकाळच उघडी असतात. अख्खा संच घेतला तर जादा सवलत द्या, सुट्या पुस्तकावर देऊ नका, कारण पहिला भाग रॅकवर आला की सभासदच ग्रंथपालांना पुढच्या भागासाठी पिडतात, ते काम तुम्हाला करावं लागत नाही. खरेदी बरीचशी आर्थिक वर्षाच्या शेवटाकडे होते, त्यामुळे जानेवारीपासूनच फिरायला लागा. अनुदान उशिरा आलं की तुमचे पैसेही उशिरा, म्हणून उधारी दोन-तीन संचांपुढे नाही. "साहेब, मार्चनंतर बघू" ऐकायची तयारी ठेवा.

पायरी ८: दिवाळी अंक आणि पुस्तकमेळे

१९०९ पासून चालत आलेली दिवाळी अंकांची परंपरा ही आपल्यासाठी आयती जाहिरात आहे, वर मानधन मिळालं तर मिळालं. तुमच्याच मालिकेतल्या इन्स्पेक्टरची किंवा मांत्रिकाची एक स्वतंत्र छोटी कथा लिहा, पावसाळा सुरू झाला की पाठवा, ऑगस्ट संपता संपता पाठवून काही होत नाही. कथेखालच्या परिचयात जन्मगाव आणि शिक्षण नको, मालिकेचं नाव आणि पुस्तक कुठे मिळेल ते येऊ द्या.

मेळ्यात एकट्याने स्टॉल घेणं परवडत नाही. जिल्ह्याचा ग्रंथोत्सव, साहित्य संमेलनातलं प्रदर्शन, २०२३ पासून डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर भरणारा पुणे पुस्तक महोत्सव, कुठेही जा, पण चार भय-रहस्यवाले मिळून जा आणि वर मोठ्या अक्षरात नुसतं "भयकथा" लिहा, आपली नावं कुणाला माहीत नसतात. येणारा माणूस पुस्तक उचलतो, उलटं करतो, मागचा मजकूर वाचतो, किंमत बघतो, मग मधलंच कुठलंतरी पान उघडून चार ओळी वाचतो. त्या वेळी गप्प बसा. "मी स्वतः लिहिलंय" म्हटलं की तो अवघडतो आणि ठेवून देतो.

पीडीएफची चोरी

टेलिग्रामवर तुमचं पुस्तक फिरत असेलच. लिंक आणि स्क्रीनशॉट जमवा, टेलिग्रामच्या कॉपीराइट तक्रारीच्या पत्त्यावर पाठवा, महिन्यातून एकदा बसून हे उरकायचं आणि सोडून द्यायचं. रोज शोधत बसलात तर लिहिणं बंद पडेल. ग्रुपात जाऊन भांडू तर अजिबात नका, पुस्तक नसलेल्या दोनशे लोकांना त्याने पत्ता लागतो.

मालिका कधी थांबवायची

वरचं सगळं करून सहा महिने थांबा, शीट पुन्हा बघा. पहिला भाग घेणारे वाढले आणि ते पुढे जातायत, तर पुढचा भाग लिहायला घ्या. लोक येतायत पण पहिल्यावरच थांबतायत, तर त्या मालिकेत अजून एक वर्ष घालू नका, नवीन नायक, नवीन गाव. प्रकार मात्र लगेच बदलू नका, भयकथेचा वाचक तुमच्या प्रेमकथेकडे येणार नाही, त्यासाठी वेगळं टोपणनावच घ्या. उरलेल्या छापील प्रती रद्दीत घालण्याआधी संच करून लांबच्या तालुक्यातल्या क-ड वर्गाच्या वाचनालयांना छपाईच्या खर्चात द्या. आणि बंद केलेली मालिका किंडलवरून अनपब्लिश करू नका, तिला ठेवायला काही खर्च येत नाही, नवीन मालिकेतून आलेला वाचक मागे वळून तीच वाचायला मागतो.